मात्रा आणि वेग

संस्कृत व्याकरणांत ‘मात्रा’ हें काळाचें माप आहे. ह्रस्व स्वराची एक मात्रा, दीर्घाची दोन, प्लुताची तीन, एवढें आमच्या वर्गांतला मुलगा पहिल्या महिन्यांतच शिकत असे. वैद्यकांत मात्रा म्हणजे औषधाचें प्रमाण. पूर्वीं किती गुंजा, आतां किती मिलिग्राम. एकच शब्द एका शास्त्रांत ‘किती वेळ’ हें सांगतो आणि दुसऱ्यांत ‘किती’ हें सांगतो. पहिली मात्रा आम्हीं पस्तीस वर्षें शिकविली. दुसरीशीं आमचा संबंध वैद्यबुवांच्या पुडीपुरता. परंतु २०२३ च्या उन्हाळ्यांत आमच्या घरांतील दोन मुलांच्या शस्त्रक्रियांचा योग आला, आणि लहान मुलाच्या पाठींत औषध घालतांना ह्या दोन्ही मात्रा एकत्र सांभाळाव्या लागतात हें त्या निमित्तानें कळलें. औषध किती दिलें याची चौकशी घरचीं माणसें करतात. तें किती वेळांत दिलें ही चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. त्याविषयीं चार शब्द लिहावे असें वाटलें.

मुलें दोन, पण एकाच चुलीवरचीं. एक आमच्या चिरंजीवांचा धाकटा, वय पांच, वजन १८ किलो. दुसरा आमच्या पुतण्याचा, त्याच्याहून वर्षानें लहान. दोघांनाहि जांघेंतला अंतर्गळ, ज्याला हल्लीं स्वयंपाकघरांतसुद्धां हर्नियाच म्हणतात. दोघांच्या शस्त्रक्रिया नाशिकांतच, एकाच इस्पितळांत, दीड महिन्याच्या अंतरानें झाल्या. पहिल्याला गुंगी दिल्यावर कुशीवर निजवून माकडहाडाच्या किंचित् वर सुई दिली व कमरेखालचें अंग बधिर केलें. दुसऱ्याला ती सुई दिली नाहीं.

आमच्या सौभाग्यवतींस हा भेद खटकला. एकत्र कुटुंबांत श्रीखंडाच्या वाट्यादेखील समान भराव्या लागतात, हें ज्यांनीं तीस वर्षें घर चालविलें त्यांनाच ठाऊक. “दोघेहि नातूच. ह्याला जें केलें तें त्याला कां नको? उद्यां कोणी म्हणावयास नको कीं, पुतण्याचा म्हणून हयगय केली,” असें त्यांचें म्हणणें, आणि त्यांनीं तें भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना उघड उघड विचारलें. बाई हंसल्या नाहींत, हें आम्हांस फार आवडलें. त्या खुर्ची ओढून बसल्या व म्हणाल्या, “आजी, हयगय नको म्हणूनच दिली नाहीं. सांगतें.” त्यांनीं जें सांगितलें त्यांत आम्हीं मागाहून वाचून मिळविलेली भर घालून तें येथें मांडीत आहों.

ही जी सुई, तिला कॉडल म्हणतात. कण्याच्या अगदीं शेवटीं त्रिकास्थीला एक लहानसें द्वार असतें. त्यांतून सुई आंत सारून मज्जारज्जूच्या वेष्टनाच्या बाहेर जी पोकळी आहे तींत औषध सोडावयाचें. १९०१ सालीं पॅरिसमध्यें सिकार व कातलँ ह्या दोघां वैद्यांनीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, ही वाट शोधून काढली. मुलांमध्यें तिचा उपयोग कँपबेल नांवाच्या अमेरिकन शस्त्रवैद्यानें १९३३ सालीं प्रसिद्ध केला. आज कमरेखालच्या लहानमोठ्या शस्त्रक्रियांत मुलांना ही सुई जगभर देतात. गुंगी हलकी पुरते, आणि मूल जागें होतें तें रडत नाहीं. आमचा नातू जागा झाल्यावर पहिल्यानें पाणी मागता झाला आणि दुसऱ्यानें आपली निळी मोटार. ‘पाठींत सुई दिली कीं जन्माची कंबर गेली’ ही जी समजूत आमच्या आळींत आहे, तिच्याविषयीं त्या दिवसापासून आमच्या घरांत तरी कोणी बोलत नाहीं.

आतां हिशेब. औषध बहुधा ब्युपिव्हॅकेन, शेंकडा पाव ह्या तीव्रतेचें. जांघेच्या शस्त्रक्रियेला साधारणतः वजनाच्या दर किलोस एक मिलिलिटर घेतात. म्हणजे आमच्या नातवाला १८ मिलिलिटर, आणि त्यांत औषध ४५ मिलिग्राम. दर किलोस अडीच मिलिग्राम ही ह्या औषधाची सामान्य मर्यादा. तेव्हां मात्रा अगदीं कांठोकांठ आली. हें गणित चौथीच्या मुलालाहि सुटेल. पण दुसरें गणित असें कीं, हे १८ मिलिलिटर सेकंदाला एक ह्या गतीनें ढकलले तर १८ सेकंदांत संपतात, अर्ध्या मिलिलिटरनें ३६ सेकंद लागतात, पावानें ७२. नळी तीच, औषध तेंच, मूल तेंच. फरक काय तो आंगठ्याच्या दाबाचा. ह्या फरकानें काय होतें?

ज्या पोकळींत हें औषध जातें ती वस्तुतः पोकळ नाहीं. तींत मऊ चरबी आहे, शिरांचें जाळें आहे, मज्जातंतूंचीं मुळें आहेत. तिच्या आंत मज्जारज्जूची पिशवी, आणि त्या पिशवींत स्वच्छ पाणी, जें वर थेट मेंदूपर्यंत एकच आहे. बाहेरून पिशवी दाबली कीं आंतलें पाणी हलणार. खालीं वाट नाहीं. तें वर सरकतें. कमरेखालीं दिलेल्या औषधाचा डोक्याशीं संबंध येतो तो असा. औषध स्वतः डोक्यांत जात नाहीं. त्यानें सारलेलें पाणी जातें.

डोक्यांतील दाब म्हणजे काय, हें आमच्या घरांतील बायकांना डॉक्टरांच्याहि आधींपासून बोटांनीं ठाऊक आहे. तान्ह्या मुलाच्या टाळूवर तेल घालतांना आजी काय पाहते? मूल रडूं लागलें कीं टाळू फुगते. ढाळ लागले कीं ती खोल जाते. टाळू उघडी आहे तोंवर कवटीला थोडी सवड असते. साधारणतः दीड वर्षाच्या सुमारास ती भरते, आणि मग डोकें म्हणजे तोंड बांधलेला हंडा. त्यांत तीन वस्तु ठासून भरलेल्या: मेंदू, रक्त आणि पाणी. एक वाढली तर दुसरीनें जागा करून दिली पाहिजे, नाहीं तर दाब चढला. एडिंबरोच्या मन्रो ह्यांनीं १७८३ त आणि त्यांचे शिष्य केली ह्यांनीं १८२४ त हा सिद्धांत मांडला, व तो आजहि त्यांच्याच नांवानें शिकवितात. निजलेल्या प्रौढ माणसाच्या डोक्यांतील दाब पाऱ्याच्या सुमारें ७ ते १५ मिलिमीटर असतो. लहान मुलाचा ह्याहून कमी, तीनपासून सातपर्यंत. मुळांतच थोडा, म्हणून थोड्यानें वाढला तरी प्रमाणानें पुष्कळ.

जागा करून देण्याचें काम मात्र होतें, आणि आपोआप होतें. वर आलेलें पाणी हळूहळू शोषलें जातें, शिरांतील रक्त मानेकडे उतरतें. खालीं पाठींत औषध मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून झिरपून पसरतें. ह्या सर्वांला लागतो तो वेळ. आम्हां नाशिककरांस हें निराळें समजावून सांगावयास नको. पावसाळ्यांत गंगापूर धरण भरत आलें म्हणजे पाणी सोडावेंच लागतें. तेंच पाणी टप्प्याटप्प्यानें चार दिवसांत सोडलें तर रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या पायांशीं खेळून पुढें जातें; एका रात्रींत सोडावें लागलें तर मारुतीच्या गळ्याशीं येतें आणि सराफ बाजारांतल्या दुकानदारांची झोप उडते. २००८ चा पूर आणि २०१९ चा पूर ज्यांनीं घाटाच्या पायऱ्यांवरून पाहिला, ते पाणी किती सोडलें एवढेंच विचारीत नव्हते. दर सेकंदाला किती, हें विचारीत होते. कवटींत आणि गोदेंत फरक इतकाच कीं, गोदेला शेवटीं रस्त्यावर पसरण्याची मुभा आहे.

हें केवळ तर्कानें ठरविलेलें नाहीं. पाठींतल्या त्या जागेंतला दाब औषध ढकलतांना मोजतां येतो. तो भरभर ढकलण्यानें उंच चढतो, सावकाश ढकलण्यानें थोडा चढतो, आणि थांबल्यावर कांहीं मिनिटांत उतरूं लागतो. डोक्यांतला दाब मात्र निरोगी मुलाच्या कवटीला भोक पाडून कोणी मोजणार नाहीं. तेथें वैद्यांनीं मोठी सुंदर युक्ति योजली आहे. डोळ्यापासून मेंदूकडे जो जाड मज्जातंतु जातो, त्याच्या वेष्टनांत मेंदूभोंवतालचेंच पाणी असतें. दाब वाढला कीं वेष्टन फुगतें. मिटलेल्या पापणीवर सोनोग्राफीचें यंत्र हलकेंच टेकवून, बुबुळाच्या गोलकामागें बरोबर ३ मिलिमीटरांवर, त्या वेष्टनाची रुंदी मोजतात. टाळू बंद झाल्यावर ईश्वरानें जी एक खिडकी ठेवली ती ही, असें आमच्या मनांत आलें.

ह्या खिडकींतून कोरियांतील वैद्यांनीं पाहिलें. दर किलोस एक मिलिलिटर दिलेलीं मुलें आणि दीड मिलिलिटर दिलेलीं मुलें त्यांनीं ताडून पाहिलीं, व २०१७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला कीं, वेष्टन दोहोंतहि फुगतें, पण दीडवाल्यांत अधिक. त्याच्याहि आधीं, २०१४ सालीं, स्वीडनमधील वैद्यांनीं तान्ह्या मुलांना दीड मिलिलिटराचें मान दिल्यावर मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताची गति कांहीं काळ मंदावते असें दाखविलें. हें सारें थोड्या वेळापुरतें असतें, आणि निरोगी मूल तें सहज सोसतें. हें न सांगतां पुढें गेलों तर घरोघर उगीच भीति पसरावयाची.

आणि घाई करून हातीं काय लागतें? पूर्वीं कित्येकांची अशी समजूत असे कीं, जोरानें दिलें म्हणजे औषध वर दूरपर्यंत चढतें व बधिरता चांगली येते. व्हिएन्ना येथील वैद्यांनीं हेंच तपासलें. त्यांनीं मुलांचे दोन वर्ग केले. एकाला सेकंदास पाव मिलिलिटर, दुसऱ्याला अर्धा, आणि औषध किती मणके वर चढलें हें सोनोग्राफींत पाहिलें. २०१२ सालीं त्यांनीं लिहिलें कीं, दोहोंत फरक नाहीं. तेव्हां वेग वाढविल्यानें लाभ तर दिसला नाहीं. चढतो तो दाब. अशा व्यवहाराला आमच्या वडिलांच्या हिशेबाच्या वहींत एक निराळेंच पान असे.

मोठ्या माणसांच्या बाबतींत निसर्गानें एक पहारेकरी ठेवला आहे. जाग्या माणसाच्या पाठींत औषध फार भराभर घातलें तर त्याची मान दुखते, डोकें ठणकतें, आणि तो ओरडतो, “डॉक्टर, जरा थांबा.” फार मोठें मान फार जोरानें दिल्यामुळें डोळ्याच्या आंतल्या पडद्यांत रक्तस्राव होऊन दृष्टि अंधुक झाल्याचीं उदाहरणें वैद्यकाच्या ग्रंथांत नमूद आहेत, अर्थात् तीं विरळा. परंतु आमचा नातू गुंगींत होता. त्याचें डोकें ठणकलें असतें तरी तो कोणाला सांगणार? आणि जागा असता तरी पांच वर्षांच्या मुलाला ‘दाब’ हा शब्द कोठला यावयाला! त्याच्या वतीनें ‘जरा थांबा’ म्हणणारें जगांत एकच माणूस होतें, आणि तें म्हणजे ज्याच्या हातांत पिचकारी तेंच. हें ऐकल्यावर आमची सून, जी इतका वेळ दाराशीं उभी होती, ती आंत येऊन बसली.

येथें आम्हांस आमच्या पोथ्यांची आठवण झाली, आणि वाचकांनीं आम्हांस तेवढी मोकळीक द्यावी. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानांत बस्ति देण्याच्या दोषांचा एक अध्याय आहे. तेथें नळीचे दोष निराळे, पिशवीचे दोष निराळे आणि देणाऱ्याच्या हाताचे दोष निराळे सांगितले आहेत. हाताचे दोष दहा. त्यांत द्रवाबरोबर वारा जाऊं देणें हा एक, हात कांपणें हा एक, आणि ‘अतिवेग’ हा एक. पण त्या दहांतच ‘मंद’ हाहि दोष आहे. सावकाश म्हणजे रेंगाळत नव्हे. बस्ति ही गुदमार्गाची क्रिया, तिचा पाठीच्या कण्याशीं कांहीं संबंध नाहीं, आणि हें सगळें आमच्या पूर्वजांस ठाऊक होतें असें म्हणण्याची जी अलीकडे खोड लागली आहे ती आम्हांस मुळींच पसंत नाहीं. मज्जारज्जूभोंवतालचा दाब चरकाला ठाऊक नव्हता. त्याला ठाऊक होतें तें इतकेंच कीं, औषध निर्दोष असून हात सदोष असूं शकतो. तेवढ्यासाठीं त्यानें दहा शब्द खर्च केले.

सावकाश देण्याला आणखी एक कारण आहे, आणि खरें पाहतां तेंच पहिलें. त्या जागेंत शिरांचें जाळें आहे असें वर म्हटलें. सुईचें टोंक चुकून शिरेंत असेल तर औषध रक्तांत जाऊन हृदयावर आघात करतें. म्हणून आधीं पिचकारीचा दट्ट्या मागें ओढून रक्त किंवा पाणी येतें काय हें पाहतात. मग थोडें देतात, हृदयाच्या पडद्यावरील रेघ पाहतात, पुन्हां थोडें देतात. जो १८ सेकंदांत मोकळा झाला त्याला रेघेकडे पाहावयास फुरसत कोठून? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मी मनांत आंकडे मोजतें. मदतनीस मुलगी पडद्याकडे बघते, मी नळीकडे. मध्यें कोणी माझ्याशीं बोलायचें नाहीं, असा माझा नियम आहे.” नातवाला औषध द्यावयास त्यांना दीड मिनिटाहून थोडें अधिक लागलें.

आतां दुसऱ्या मुलाकडे वळूं. हा जन्मला तेव्हां त्याचें डोकें मोठें होतें आणि दर आठवड्याला वाढत होतें. डोक्यांत पाणी सांठणें हा तो विकार. त्याला हायड्रोसेफॅलस म्हणतात. त्या पाण्याचा निचरा करण्यासाठीं तिसऱ्या महिन्यांत त्याच्या डोक्यांत एक बारीक नळी बसविली. ती कानामागून, मानेच्या व छातीच्या कातडीखालून पोटांत उतरते. तिला शंट म्हणतात. आज तो मुलगा धांवतो, भांडतो, बडबडगीतें पाठ म्हणतो, आणि नवा पाहुणा आला तर त्याच्या डोक्यांत कांहीं आहे हें त्याला कळणारहि नाहीं. पण घरांतल्या आम्हां सर्वांना तें रोज ठाऊक असतें. सकाळीं त्याला एक ओकारी झाली तरी त्याच्या आईचा हात आधीं त्याच्या कानामागें जातो.

त्याला अंतर्गळ झाला त्याचाहि ह्याशीं संबंध असावा. पोटांत हें जास्तीचें पाणी येऊं लागलें म्हणजे पोटांतला दाब वाढतो, आणि जांघेची वाट जन्मतः थोडी उघडी असेल तर ती फांकते. शंट बसविलेल्या मुलांत अंतर्गळ अधिक दिसतो तो त्यामुळें. ह्या मुलाच्या हंड्यांत मन्रोसाहेबांच्या तीन वस्तूंच्या जोडीला एक नळी आहे, आणि सारा तोल त्या नळीवर आहे. ती चालू आहे तोंवर ठीक. पण ती अर्धवट तुंबत आलेली असली तर बाहेरून कळेलच असें नाहीं. आणि अशा वेळीं खालून अठरा काय, पंधरा मिलिलिटरांचा रेटा बसला तर वरचें पाणी कोठें जाणार? ह्या बाबतींत सर्व तज्ज्ञांचें एकमत आहे असें नव्हे. शंट उत्तम चालत असेल तर बेतानें, अगदीं सावकाश, कॉडल देणारेहि आहेत. आमच्या डॉक्टरीणबाईंचें म्हणणें असें पडलें कीं, दुसरी चांगली वाट असतां ही कशाला? त्यांनीं गुंगी दिल्यावर सोनोग्राफींत पाहून कमरेच्या हाडाजवळ, पोटाच्या स्नायूंच्या थरांत, जांघेकडे जाणाऱ्या दोन मज्जातंतूंपाशीं थोडेंसें औषध सोडलें. तेथून डोक्याकडे वाट नाहीं. शस्त्रवैद्यांनींहि आधीं मेंदूच्या डॉक्टरांकडून शंट तपासवून घेतला होता.

सौभाग्यवतींनीं हें सर्व शांतपणें ऐकलें आणि एकच विचारलें, “म्हणजे ह्याला दुखणार नाहीं ना?” दुखणार नाहीं, असें बाई म्हणाल्या, आणि जवळजवळ तसेंच झालें. संध्याकाळीं तो थोडा कण्हला, तेव्हां त्याला पातळ औषधाचा एक डोस पुरला.

दोन्ही मुलांचे इस्पितळाचे कागद आम्हीं जपून ठेविले आहेत. मोठ्याच्या कागदावर औषधाचें नांव, तीव्रता, १८ मिलिलिटर आणि सुई दिल्याची वेळ आहे. तें किती वेळांत दिलें ह्याचा रकाना छापलेलाच नाहीं. आम्हीं बाईंना त्याविषयीं विचारलें. त्या म्हणाल्या कीं, असा रकाना त्यांनीं कोठल्याच कागदावर पाहिला नाहीं, पण असावयास हरकत नाहीं. महाराष्ट्रांतील बहुतेक वैद्यक महाविद्यालयांच्या परीक्षा घेणारें आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आमच्याच गांवीं, म्हसरूळला आहे. एवढा एक रकाना कोणा परीक्षकाच्या मनांत भरला तर तो छापण्यास फार शाई लागणार नाहीं.

तोंवर घरच्या माणसांच्या हातीं आहे तें असें. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीं भूल देणारे डॉक्टर भेटावयास येतात, तेव्हां मुलाचे आईबाप बहुधा फराळ कधीं बंद करावयाचा एवढेंच विचारतात. त्याच वेळीं मुलाच्या डोक्याचा सगळा वृत्तांत सांगून टाकावा: जन्मतः कांहीं झालें होतें काय, शंट आहे काय, अलीकडे डोक्यावर पडलें होतें काय, फेफरें आलें होतें काय, सकाळीं उठल्यावर ओकाऱ्या व डोकेदुखी होते काय. शस्त्रक्रिया जांघेची असली तरी सांगावें. आमच्या पुतण्यानें अर्ज भरतांना ‘पूर्वींच्या शस्त्रक्रिया’ ह्या रकान्यांत शंट लिहिला होताच. पण त्याच्या बायकोनें त्याखालीं, नळी कोणत्या सालीं बसविली, शेवटची कधीं तपासली आणि मुलगा शेवटचा कधीं ओकला, हें आपल्या बारीक अक्षरांत समासापर्यंत लिहून काढलें होतें. तो कागद वाचूनच डॉक्टरीणबाईंनीं बेत बदलला होता.